एक्केचाळीस उतेकरांची पत्रिका

शुक्रवारी सकाळी साडेनवाला सुनीलने दुकान उघडलं, कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली, लग्नपत्रिका छापायचा प्रोग्राम चालू केला आणि प्रोग्रामने त्याला ओळखच दाखवली नाही. डाव्या हाताची अवजारांची पट्टी गायब होती. टाइप केलेली अक्षरं पानाच्या बाहेर जाऊन पडत होती. 'शुभविवाह' हा शब्द जरा मोठा करायला गेला तर तो आडवा झाला आणि तसाच झोपून राहिला. सुनीलने प्रोग्राम दोनदा बंद करून चालू केला. मग सगळा कॉम्प्युटर बंद केला, मागची वायर काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि परत खोचली. महाडच्या बाजारपेठेत कॉम्प्युटरचं शास्त्र इथवर येऊन थांबतं. त्यापुढे विनोदला फोन करावा लागतो.

विनोद पूर्वी याच गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. आता तो पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे आणि तिथे नक्की काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. पण महाडचा फोन तो उचलतो, कारण नाही उचलला तर आईला भाजीबाजारात जाब द्यावा लागतो.

"त्याच्या सेटिंग बिघडल्यात, सुनील्या. रिसेट मार."

"म्हणजे काय करू?"

"प्रोग्राम उघडताना एफ-आठ दाबून धर. काहीतरी विचारील. हो म्हण."

"काय विचारील?"

"विचारू दे ना. तू हो म्हण आणि मोकळा हो. मी मीटिंगमध्ये आहे."

सुनीलने बटण दाबून धरलं. पडद्यावर चार ओळींचं इंग्रजी आलं. वापरणाऱ्याने आजवर केलेल्या सगळ्या मांडण्या, सोयी, सवयी पुसल्या जातील, त्या परत मिळणार नाहीत, तुमची खात्री आहे ना, असा त्याचा मतलब होता. सुनीलने लग्नाच्या धंद्यात अठरा वर्षं काढली होती. शेवटच्या घटकेला 'खात्री आहे ना?' असं विचारल्यावर 'नाही' म्हणणारा माणूस त्याने अजून पाहिला नव्हता. त्याने 'हो' दाबलं.

प्रोग्राम असा लख्ख उघडला की सुनीलला स्वतःचं कौतुक वाटलं. पट्टी जागेवर, अक्षरं पानात, 'शुभविवाह' ताठ उभा. त्याने हौसेने 'आये' एवढी दोन अक्षरं टाइप केली आणि गॅप मारला. एरवी एवढ्यावर 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून सबंध परिच्छेद आपोआप धावत येत असे. आज पडद्यावर 'आये' एवढंच राहिलं. त्याने पुन्हा मारलं. पुन्हा 'आये'. त्याने घाईघाईने 'भेको' असं टाइप केलं.

पडद्यावर 'भेको' उमटलं आणि त्यापुढची काडी शांतपणे लुकलुकत राहिली.

इथे 'भेको' म्हणजे काय ते सांगायला हवं. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर भेकरकोंड नावाची वाडी आहे. वाडीत तीन घरं, म्हणजे तीन भावक्यांची उतरंड: वरचं घर, मधलं घर, खालचं घर. तिन्ही घरांत मिळून कर्ते पुरुष एक्केचाळीस, सगळे उतेकर. वाडीत कोणाचंही लग्न असलं तरी पत्रिकेत 'आपले नम्र' म्हणून हे एक्केचाळीसही यावे लागतात आणि ते ठरलेल्या क्रमानेच यावे लागतात. पाण्याच्या टाकीची किल्ली वरच्या घराकडे असते. शंभर माणसांचा भात शिजेल असले गावकीचे टोप आणि कढया खालच्या घराच्या माळ्यावर असतात. मधल्या घराकडे काहीच नसतं, पण मुंबई मंडळाचा सेक्रेटरी त्यांचा असतो. तेव्हा एका घराचं नाव खाली गेलं तर लग्नात पाणी नाही, दुसऱ्याचं गेलं तर भात नाही आणि तिसऱ्याचं गेलं तर माणसं नाहीत.

बारा वर्षांपूर्वी देवळात तीन बैठका होऊन हा क्रम एकदाचा ठरला होता. पण ठरलेला कागद ठेवायचा कोणाकडे? ज्याच्या घरी कागद, तो चार नावं वर-खाली करणार, याबद्दल तिन्ही घरांचं एकमत होतं. शेवटी सगळे टेम्पोने महाडला आले, सुनीलकडून यादी कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली, 'भेको' म्हटलं की सगळी नावं येतात हे तिन्ही घरांनी तीनदा पाहिलं आणि मग तो कागद सगळ्यांसमक्ष फाडून गटारात टाकला. कोणी वारलं की त्याच जागी थोरला मुलगा. वाडीची घटना अशा रीतीने पन्नास किलोमीटरच्या आत कुठेही कागदावर नव्हती. ती सुनीलच्या सेटिंगमध्ये होती.

साडेदहाला आबाजी उतेकर आले. वरच्या घराचे. त्यांची नात पूनम, तिचं लग्न पंधरा दिवसांवर. बरोबर त्यांची बायको सगुणाबाई आणि खालच्या घराचा रामा. रामाला पत्रिकेतलं काही कळत होतं अशातला भाग नाही. पण वरच्या घराचा माणूस एकटा महाडला गेला असं होऊ द्यायचं नसतं.

"झाली काय रे पत्रिका?" आबाजींनी बसायच्या आधी विचारलं. "चारच्या गाडीनं मुंबईला जायला हवी. ऐतवारी मंडळाची मीटिंग हाय. तिथं हातोहात वाटून होतील. ती चुकली तर मग घरोघर कोन फिरतोय डोंबिवली नि नालासोपारा?"

सुनीलने पाणी दिलं. मग चहा मागवला. चहा आपणहून मागवलेला पाहून सगुणाबाईंनी पदर सावरला आणि विचारलं, "काय झाला रे सुनील?"

"काही नाही आजी. सेटिंग गेल्या."

"कुठं गेल्या?"

सुनीलने सांगितलं. आबाजी ऐकत राहिले. त्यांना एवढंच समजलं की वाडीचा क्रम या घटकेला अस्तित्वात नाही. बारा वर्षं त्यांना या क्रमाबद्दल एक सल होता, त्यामुळे बातमी तशी वाईट नव्हती.

"त्यात काय? मी सांगतो, तू लिही," ते म्हणाले. "पयला नाव माझा."

"तुमचा कसा?" रामाने चहाची कपबशी खाली ठेवली. "आमच्या आप्पाचा पयला व्हता. मला पक्का म्हायती."

"आप्पा वारला त्येला सहा वर्सं झाली!"

"मग त्येच्या जागी थोरला. म्हंजे मीच."

"आवो आबा," सुनील मध्ये पडला, "एखादी जुनी पत्रिका असेल ना घरात? तिच्यावरून मी अर्ध्या तासात करतो."

"तुज्याकडं नाय व्हय?"

सुनीलने मान खाली घातली. अठरा वर्षांत त्याने एकच फाइल वापरली होती. तिचं नाव 'पत्रिका फायनल खरी'. नवं लग्न आलं की जुनी नावं पुसायची, त्यावरच नवी भरायची. डिझाइन ठरलेलं, कशाला पसारा? त्या फाइलमध्ये सध्या तुडीलच्या मुरादच्या मुलीचा, सलमाचा निकाह होता.

आणि घरच्या जुन्या पत्रिकांचं म्हणाल तर भेकरकोंडात पत्रिका जपून ठेवतात, पण फार दिवस नाही. वर गणपतीचं चित्र असतं, ते केरात कसं टाकायचं? म्हणून वर्षभराच्या पत्रिका देवळीत साठवतात आणि भाद्रपदात गणपतीबरोबर पाण्यात सोडतात. गेल्या बारा वर्षांतली सगळी लग्नं अशी विधिपूर्वक वाहून गेली होती.

"मुंबईला फोन लाव," रामा म्हणाला. "जितेशकडं फोटो असंल."

जितेश मधल्या घराचा, मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. सुनीलने फोन स्पीकरवर टाकला.

"अरे टेन्शन नॉट, काका!" जितेश म्हणाला. "दोन वर्सापूर्वी अनिलच्या लग्नाची पत्रिका हाय ना. ग्रुपवर मेसेज टाकतो. सगळ्यांनी फोटो काडलेले. दो मिनिट में मिलेगा."

दोन मिनिटांत नाही, पण पाऊण तासात फोटो यायला लागले. एक आला, दुसरा आला, मग धडाधड तेवीस आले. सुनीलने ते मोठ्या पडद्यावर लावले आणि तिघेही सरसावून बसले. पत्रिकेचे फोटो सगळ्यांनी खरोखरच काढले होते. प्रत्येकाने आपापल्या नावाचा काढला होता. काहींनी कडा कापून, काहींनी नावाभोवती लाल गोल करून. एकाच्या फोटोत वरच्या नावावर अंगठा होता.

"हा अंगठा कोनाचा?" आबाजींनी विचारलं.

"माजाच," जितेश फोनमधून म्हणाला. "पन खाली नाव बगा ना, किती क्लिअर आलाय."

"अंगठ्याखाली कोन हाय?"

"ते आता कसं सांगू काका? पन मला वाटतं मधल्या घरातलाच कोनतरी असनार."

यानंतर जे झालं त्याला चर्चा म्हणता येईल. आबाजींनी आपल्या आठवणीतला क्रम सांगितला. त्यात वरच्या घराची पहिली चौदा नावं आली. रामाने सांगितला, त्यात वरचं घर तेराव्या नंबरपासून सुरू झालं. जितेशने मुंबईत तिघांना विचारून चार याद्या पाठवल्या. सुनीलने तीन तासांत सात वेगवेगळ्या याद्या टाइप केल्या. सातव्या यादीत एक उतेकर दोनदा आला आणि एक आलाच नाही. त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला की मी लग्नाला येणार होतो, आता बघतो.

"कॉम्प्युटरला अकारविल्हे लावता येतात," सुनीलने भीत भीत सुचवलं. "मग कोणी काही म्हणणार नाही."

आबाजींनी दहा सेकंद विचार केला. "अ... आ... झ्याक हाय. लाव."

"लावा, लावा," रामा उठून उभा राहिला. "आन् भाताला टोपबी अकारविल्हे शोधा. आमच्या माळ्यावर नाय गावायचे."

सगुणाबाई एवढा वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. टोप म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. पूनमला आईबाप नव्हते. तिला लहानाची मोठी त्यांनी केली होती. मांडवात तिन्ही घरं यावीत, एकाच पंगतीला बसावीत, एवढंच त्यांचं मागणं होतं. साखरपुड्यापासून त्या देवीला तेच सांगत होत्या, आणि इथे महाडच्या एका टेबलावर तिन्ही घरं लग्नाआधीच उठून चालली होती.

"रामा भावजी, बसा जरा," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्या पोरीनं काय क्येला हो तुमचा?"

"पोरीचा प्रश्नच नाय वयनी. पोरगी आमचीच हाय. प्रश्न नावाचा हाय."

पावणेतीनला मुराद दारात आला. चारच्या गाडीचा मालक तोच. "सुनीलभाय, भेकरकोंडचा गठ्ठा तयार है ना? डिकीत जागा ठेवलीये." मग त्याने आत बसलेल्यांचे चेहरे पाहिले, पडद्यावर आपल्या सलमाचं नाव पाहिलं, आणि म्हणाला, "ये क्या, हमारा फिर से छाप रहे?"

"नाही हो. यांचा क्रम सापडत नाहीये."

"आमच्याकडे पण हेच! सलमाच्या पत्रिकेत भाच्याचं, मुजम्मिलचं नाव चाचाच्या खाली गेलं तर तो कुवेतहून आलाच नाही." त्याने घड्याळ पाहिलं. "चारला सुटनार हां. पाच मिनिट थांबेन. जास्त नाय."

तो गेला. सगुणाबाई उठून पडद्याजवळ आल्या. त्यांना वाचता येत होतं, जेमतेम. पण त्या नावं वाचत नव्हत्या, त्यांची ती वरून खाली गेलेली रांग बघत होत्या.

"असं एकाखाली एकच लिवाय लागतात काय रे?"

"मग कसं लिहिणार आजी?"

"भाकरीच्या कडेनं लिव की." त्यांनी हवेत बोट फिरवलं. "भाकरीचा पयला घास कुठला नि शेवटचा कुठला? जो जिथनं खाईल तिथनं पयला."

"तू गप गो," आबाजी म्हणाले. "पत्रिका काय भाकरी हाय?"

सुनील मात्र पडद्याकडे बघत होता. अवजारांची पट्टी त्याने अठरा वर्षांपूर्वी छाटून चार चित्रांवर आणून ठेवली होती. रिसेटने ती पुन्हा कंपनीने दिली होती तशी सबंध लावली होती, आणि तिच्यात एका वाकड्या रेघेवर बसलेल्या 'अ'चं चित्र होतं. त्याने एक मोठा गोल काढला. त्या 'अ'वर टिचकी मारली. मग एक्केचाळीस उतेकर गोलाच्या कडेवर सोडले. ते सगळे एकमेकांचा हात धरल्यासारखे गोल उभे राहिले.

त्याने चाचणीचा कागद काढून टेबलावर ठेवला. आबाजींनी तो उचलला, चष्मा लावला आणि एकदम भडकले.

"माजा नाव उलटा!"

"उलटा नाही आबा. कागद फिरवा."

आबाजींनी कागद फिरवला. नाव हळूहळू वर आलं आणि अगदी माथ्यावर, सरळ उभं राहिलं. त्यांनी ते डोळे भरून पाहिलं. खाली, तळाशी, रामाचं नाव डोकं खाली पाय वर झालं होतं. आबाजींनी तेही डोळे भरून पाहिलं.

"हां," ते म्हणाले. "आता बरोबर लिवलायस."

रामाने कागद ओढून घेतला, अर्धा फेरा फिरवला आणि म्हणाला, "हां. आता बरोबर हाय."

सुनीलने फोटो काढून जितेशला पाठवला. पाच मिनिटं काहीच आलं नाही. मुंबईत तेवीस उतेकर आपापले फोन फिरवत असावेत. मग जितेशचा फोन आला. "काका, मस्तच! सगळे बोलतायत नाव टॉपला हाय. फक्त एक प्रॉब्लेम. फोन फिरवला की फोटोपन फिरतो, त्यामुळं काही लोकांचं नाव वर येतच नाय. पन कागदावर बघतो बोलले." मग जरा थांबून, "आनि मला त्या सुरेशच्या बाजूला ठेवलंय ते जरा हलव ना. आमचं बोलनं नाय."

हा भाग कोणाच्या ध्यानात आला नव्हता. रांगेत एकाला दोनच शेजारी असतात तसे गोलातही दोनच असतात. पण रांगेत वर-खालीच्या भांडणात शेजाऱ्यांशी भांडायला सवड मिळत नाही. ती आता मिळाली. साडेतीनपर्यंत सुनीलने नऊ जणांच्या जागा बदलल्या. शेवटी आबाजी आणि रामा उरले. त्यांना एकमेकांच्या शेजारी राहायचं नव्हतं, आणि एकमेकांच्या समोर असल्याशिवाय दुसऱ्याचं नाव उलटं दिसत नव्हतं, म्हणून ते खुशीने समोरासमोर राहिले. सगळा हिशेब जमला तसे दोघे मिळून कोपऱ्यावर वडापाव खायला गेले. सकाळपासून कोणी काही खाल्लं नव्हतं.

छपाईचं मशीन गरम होत असताना सुनील पडद्यासमोर डोकं खाजवत बसला. लग्नाचा मजकूर त्याने मागच्या बाजूला घेतला होता, पण गोलाच्या मध्ये वाटीएवढी पांढरी जागा होती.

"मध्ये काय टाकू आजी? मोकळं दिसतंय. गणपती टाकू?"

"पत्रिका फिरिवली की द्येव उलटा व्हईल की रे."

"बरोबर. मग कलश?"

"उपडा व्हईल. शुभकार्यात उपडा कलश?"

"नवरानवरीचं चित्र?"

"डोक्यावर उभी ऱ्हातील बापडी."

सुनीलने हात टेकले. उलटं झालेलं चालेल असं लग्नात काहीच नसतं. घड्याळात तीन चाळीस झाले होते. बाहेर मुरादच्या गाडीचा हॉर्न वाजला, नुसता आठवणीसाठी.

सगुणाबाईंनी दाराकडे पाहिलं. दोघे अजून कोपऱ्यावर होते.

"माजा टाक," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नाव. मी कुनाच्या फुडं नाय, कुनाच्या पाठी नाय. नि उलटी झाली तरी मी काय बोलनार नाय."

सुनीलने त्यांच्याकडे पाहिलं. त्या मस्करी करत नव्हत्या. लेकीसारखी वाढवलेली नात होती, आणि अठरा वर्षांत वाडीतल्या एकाही पत्रिकेत एकाही बाईचं नाव 'आपले नम्र'मध्ये आलेलं सुनीलने टाइप केलं नव्हतं. त्याने मधल्या जागेत टिचकी मारली आणि ठळक अक्षरात लिहिलं: निमंत्रक, सौ. सगुणाबाई उतेकर. वाटीत बरोबर बसलं. मग त्याने छाप दाबलं. या वेळी प्रोग्रामने काही विचारलं नाही.

चार वाजून चार मिनिटांनी गठ्ठा डिकीत गेला. उरलेला गठ्ठा आणि सगुणाबाईंना घेऊन आबाजी आणि रामा पोलादपूरच्या गाडीत बसले, आणि पोलादपूर येईपर्यंत दोघेही आपापली पत्रिका मांडीवर धरून माथ्यावरचं नाव बघत राहिले. मधे काय छापलंय याकडे दोघांचीही नजर गेली नाही. रविवारी मंडळाच्या मीटिंगमध्ये तेवीसांपैकीही कोणाची गेली नाही. आपलं नाव एकदा वर आणलेला माणूस त्याच्या खाली काय आहे ते सहसा वाचत नाही.

बायकांनी मात्र वाचलं. त्या पत्रिका फिरवत नव्हत्या.

लग्नाला तिन्ही घरं आली. टाकी उघडली, टोप माळ्यावरून उतरले, मुंबईहून दोन गाड्या भरून माणसं आली. सुनीललाही बोलावणं होतं. तो एका कडेला बसून भात खात होता. नवऱ्याकडचे लोक शिवथरच्या बाजूचे. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ, नवऱ्याचे चुलते, हातात पत्रिका आणि मानाची शाल घेऊन मांडवात हिंडत होते. त्यांनी पत्रिका सरळ धरली होती आणि पाहुण्या माणसाच्या रीतीप्रमाणे मधोमध जे ठळक छापलं होतं तेच वाचलं होतं.

"वो पावनं," त्यांनी एका पोराला अडवलं, "ह्या सगुनाबायचं यजमान कोन? मानाची शाल त्येंना द्यायची हाय."

पोराने आबाजींकडे बोट दाखवलं. आबाजी तेव्हा रामाच्या शेजारी बसून, पंगतीला आधी कोण बसलं यावर बोलत होते. पाहुणे समोर येऊन उभे राहिले.

"तुमी सगुनाबायचं यजमान?"

आबाजींनी पत्रिकेकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिच्या मध्यावर पाहिलं. मग समोर पाहिलं. तिथे सगुणाबाई टोपाजवळ उभ्या राहून भात कुठल्या ओळीत आधी जायचा ते तिन्ही घरांच्या माणसांना हाताने दाखवत होत्या, आणि तिन्ही घरांची माणसं तिकडे जात होती. मग आबाजींनी सवयीने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. रामाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. रामा भात कालवत राहिला. वाडीच्या इतिहासात प्रथमच एक मान असा निघाला होता, की ज्याच्यावर दुसऱ्या एकाही उतेकराने हक्क सांगितला नाही.

"मीच त्यो," आबाजी म्हणाले आणि शाल घ्यायला उभे राहिले.